दाराला सांगितलेलं माप

निरवांगी
माघ, दुपार

प्रिय वहिनी,

आज सकाळी तात्यांनी पुन्हा सुतळी काढली. म्हणून हे पत्र.

तू गेल्याला वर्ष झालं. वर्षभरात मी तुला एक ओळ लिहिली नाही. लिहायला बसले की रडू यायचं, आणि रडणाऱ्यांची आपल्या घरात वाण नव्हती. आज रडू आलं नाही. आज मी संतापले आहे, आणि संताप उतरायच्या आत तुला सगळं सांगायचं आहे.

गोठ्याशेजारच्या छपरात गाडी उभी आहे. तीच. बारामतीच्या मिस्त्रीनं ठोकून सरळ केलेली. मागच्या डाव्या चाकाला टायर नाही. खाली विटा रचल्या आहेत. परवा बाजारातून टायर आणायचा आणि पुढच्या आठवड्यात याच गाडीतून वऱ्हाड न्यायचं. कुणाचं वऱ्हाड, विचार ना! दादाचं. तुझा नवरा दुसऱ्यांदा बोहल्यावर चढतो आहे.

मुलगी इंदापूरच्या बाजूची. बघायला गेलो तेव्हा तिनं मान वर केली नाही. येताना एसटीत तात्या शेजारच्या माणसाला सांगत होते, "गरीब पोरगी हाय. तोंड म्हून उघडत न्हाय." हे कौतुक होतं, वहिनी!

तू गेलीस तेव्हा मी पुण्यात होते. तार मिळाली, पण पोचेपर्यंत तुला नेऊन झालं होतं. मला तू दिसली नाहीस. मला फक्त तुझ्याविषयी सांगितलं गेलं. आणि काय सांगितलं? "हातातल्या बांगड्या सुदीक फुटल्या न्हाईत. हिरवा चुडा लेऊन गेली. अहेव गेली, सोनं झालं बाई तिचं." आलेली प्रत्येक बाई हेच बोलली. ऐन तरुणपणी गेलेल्या बाईचं सोनं झालं! का? नवरा मागे राहिला म्हणून!

बायकांचं मी फारसं मनावर घेतलं नाही. मनाला लागलं ते तात्यांचं. ओसरीवर टेकणाऱ्या प्रत्येकाला ते एकच सांगत. "टायर निसटला. कुणाला काय ठावं! मला कुणी सांगितलं न्हाय." माणसं माना हलवत. दादा शेजारी बसून पायाच्या नखातली माती काडीनं काढत असे. आई चहा ठेवायला आत जाई आणि बराच वेळ बाहेर येत नसे.

कुणाला काय ठाऊक! तुला ठाऊक होतं. आणि तू सांगितलं होतंस.

दाराला सांगितलं होतंस.

आपल्या घरात सून सासऱ्याशी बोलत नाही. हे तुला काय सांगायचं! पण कागदावर उतरवलं की ते कसं दिसतं, हे मला पाहायचं आहे. तात्या ओसरीवर असले की तू दाराच्या आत उभी राहायचीस. पदर पुढे. डोळे चौकटीकडे. आणि चौकटीला सांगायचीस, "म्हणावं, पाटाला पाणी सुटलंय." "म्हणावं, वांगी उद्याच तोडायला पायजेत, न्हायतर बी धरत्याली." तात्या चौकटीकडे न बघता दादाला म्हणायचे, "आरं, वांगी तोडायला घ्या." जणू त्यांनाच आत्ता सुचलं.

एकदा घरात कुणी नव्हतं. उंबऱ्यावर मांजर होती. तू तिलाच सांगितलंस, "मने, म्हणावं म्हैस व्यायला झालीया." मनी उठली, सरळ ओसरीवर गेली आणि तात्यांच्या मांडीवर बसली. तात्याही हसले. "आली बया निरोप घिऊन!" तू आत पदर तोंडात कोंबून हसत होतीस. आई हा किस्सा अजून सांगते. मीही हसायचे. आता मला त्यात हसू येत नाही. मांजर मांडीवर बसू शकत होती. तू उंबरा ओलांडून म्हैस व्यायला झाली एवढं सांगू शकत नव्हतीस!

मी सुट्टीला घरी असले की चौकटीला आराम असायचा. मग मी निरोपी. "वन्सं, म्हणावं..." की मी बाहेर येऊन तात्यांना सांगायचे. मला कधी कुणी अडवलं नाही. लेक बोलली की हुशार, सून बोलली की आगाऊ. मला पुण्याला धाडलं ते बोलायला शिकण्यासाठी. तुला पळसदेवहून आणलं ते गप्प बसण्यासाठी. पैसा दोन्हींवर एकाच घरानं खर्च केला.

आणि तू काही मुकी नव्हतीस. पहिल्या मतदानाला शाळेत रांग लागली होती. टेबलामागच्या माणसानं नाव विचारलं की बायका मान खाली घालत, नाहीतर नवऱ्याकडे बोट करून "ह्यांची" म्हणत. तू पुढे झालीस आणि स्वतःचं नाव, बापाचं नाव, सासरचं नाव असं खणखणीत सांगितलंस. त्या माणसानं वर बघितलं. दिल्लीचं सरकार निवडताना तुला तोंड होतं. गाडीचा टायर निवडताना नव्हतं.

ती गाडी! तात्यांनी ती जुनीच घेतली होती, मळ्यातली भाजी बारामतीला न्यायला. भाजीबरोबर माणसंही बसायची, बाजाराच्या दिवशी तर टपावरसुद्धा. गाडी आली तेव्हा तू तिला ओवाळलंस. आणि दुसऱ्या दिवशी तू चाकापाशी बसून टायरवरचे आकडे वाचत होतीस. सातवी पास झालेली सून घरात होती, याची त्या आकड्यांना पहिल्यांदा दखल घ्यावी लागली.

तीस, मध्ये फुली, पुढे पाच. मला काही अर्थ लागला नव्हता. मी कॉलेजात होते, पण तिथे असलं काही शिकवत नाहीत.

तो अर्थ तू मला लावून दिलास तो चैत्रातला दिवस आठवतो? कासारीण आली होती. तिनं तुझा पंजा चुरून चुरून बांगड्या चढवल्या, तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. ती गेल्यावर तू दोन बांगड्या घेतल्यास. एक लाखेची, जाड. एक काचेची, बारीक. दोन्ही भिंतीला उभ्या टेकवल्यास आणि वर माझी फूटपट्टी आडवी ठेवलीस. पट्टी सपाट बसली. दोन्ही एका उंचीच्या.

"आता घाला बरं हातात," तू म्हणालीस.

लाखेची माझ्या मुठीपाशीच अडली. काचेची सरसर आत गेली आणि हात खाली केला तशी सरसर बाहेर आली.

"बघायला सारख्या. हाताला इचारा, सारख्या हायेत का?" मग तू मला टायरपाशी नेलंस. "हे तीस म्हंजी उभी उंची. हे पाच म्हंजी अंगाची जाडी. जाडी खाली बी हाय आन वर बी. दोन्ही काढली की आतलं भोक ऱ्हातंय. ईस. रिंगंला भोक कळतं वन्सं, उंची कळत न्हाय. उंची फकस्त बघणाऱ्याला."

आणि तात्या? तात्यांचा जन्म बैलगाडीत गेला. लाकडी चाकाला लोखंडाची धाव बसवायची तर सुतळीनं चाकाचा बाहेरून घेर घेतात, धाव तापवून चढवतात, पाणी ओततात, ती आवळून बसते. त्यांच्या मते टायर म्हणजे रबराची धाव. म्हणून सुतळी. बाहेरून मोजलं, जुळलं, झालं!

पुढचा टायर घ्यायची वेळ आली तेव्हा ते बारामतीहून हात हलवत परत आले. रागावलेले. "पाचशे ईस दाखवतंय मला! म्हणलं आमचा तीस हाय. तर म्हणतो ह्योच तुमचा. मला काय येडा समजतो काय!" टायरवर नव्या पद्धतीनं आकडे होते: आधी जाडी, मग आतलं भोक. पाच, पुढे दोन शून्यं, मग वीस. तीस कुठेच नाही. तू चुलीपाशी हसलीस. मग म्हणालीस, "वन्सं, म्हणावं ईस आत, पाच खाली, पाच वर. तीसच झालं."

मी बाहेर जाऊन तेच सांगितलं. तात्यांनी बोटांवर मोजलं. "व्हय की गं!" पुढच्या बाजारी तो टायर आला. आणि संध्याकाळी पारावर तात्या चार माणसांना सांगत होते, "दुकानदारावर इसंबून ऱ्हाऊ ने. आपला हिशेब आपुन करावा. म्या बेरीज केली, तीस आलं, उचलला टायर!"

मला राग आला. मी घरात येऊन आदळआपट केली. तू भाकरी थापत होतीस. काय म्हणालीस आठवतं?

"टायर आला न्हवं? मग कुणाच्या तोंडानं आला, त्येला काय करायचंय!"

 उत्तर आता देते. करायचं होतं, वहिनी! फार काही करायचं होतं. तात्यांपर्यंत पोचली ती बेरीज. बांगडी पोचलीच नाही. ती तुझ्या हातात राहिली. निरोपातून त्यांना एकच आकडा उमगला, तीस, आणि तो त्यांनी आपला म्हणून मिरवला. तू समोर उभी राहून दोन बांगड्या दाखवल्या असत्यास, तर त्यांना भोक दिसलं असतं. पण सुनेनं सासऱ्यासमोर बांगड्या वाजवायच्या? छे!

मग ते पळसदेव.

तुझ्या धाकट्या बहिणीचा साखरपुडा होता. माहेरी जाऊन तुला दोन वर्षं झाली होती. कधी भांगलण, कधी आईचा गुडघा, कधी पाव्हणे. तुझं जाणं प्रत्येक वेळी पुढच्या महिन्यावर. या वेळी तात्या आपणहून म्हणाले, "गाडी हाय घरची. समद्यांनी जाऊ." तू मला पत्रात लिहिलंस की भीमेत उतरून पाय बुडवणार आहेस आणि देवळाच्या पायरीवर बसून बहिणीशी पोटभर बोलणार आहेस. पोटभर! तो शब्द तू अधोरेखित केला होतास.

मागचा डावा टायर झिजून कापड दिसायला लागलं होतं. तात्या आणि दादा आदल्या दिवशी बारामतीहून टायर घेऊन आले. जुनाच, पण बरा. त्यावर तीस, मध्ये फुली, पुढे साडेचार. तात्यांनी सुतळीनं घेर मोजला. जुळला. जुळणारच! तिसातून खालचे-वरचे साडेचार काढले तर एकवीस उरतात, आणि आपली रिंग वीसची, एवढं सुतळीला कुठून कळावं?

पुढचं मला आईनं सांगितलं. दहाव्या दिवशी, परसात, कानात. "कुणाजवळ बोलू नगंस," असंही म्हणाली. वर्षभर मी बोलले नाही.

आई म्हणाली, टायर हातानं चढला. पहार नको, टायर ओढून बसवायची टॉमी नको. तात्यांना आनंद झाला. "बघ, लोण्यावानी बसला!" तू दारात होतीस. चौकटीला म्हणालीस, "म्हणावं, कष्टाबिगर चढती ती बांगडी हातात ऱ्हात न्हाय. आत येक इंच मोकळं हाय."

तात्यांनी ऐकलं. कसं कळलं? कारण उत्तर दिलं. दादाकडे बघून म्हणाले, "मोकळं हाय तर भरून काढा. बैलगाडीला पाचर मारत न्हाईत व्हय? गोणपाट आण."

आणि दादानं गोणपाट आणलं, वहिनी. पट्ट्या फाडल्या. रिंगेवर गुंडाळल्या. हवा भरली. टायर घट्ट झाला. तू पुन्हा म्हणालीस, "म्हणावं, गोणपाट झिजतं. वळणाला टायर भाईर येईल." तात्या म्हणाले, "गाडीतलं बायकास्नी काय कळतंय, म्हणावं!"

म्हणावं! त्यांनीही. दोघांच्या मध्ये एक चौकट, आणि दोघंही तिच्याशी बोलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू नवं लुगडं नेसून मागे डाव्या बाजूला बसलीस. मांडीवर बहिणीची साडी. पाटाच्या पुलाअलीकडच्या वळणावर टायर सुटला, गाडी चारीत गेली. तात्यांना खरचटलं. दादाचा खांदा निखळला. आईला मुका मार. तू दगडावर पडलीस.

एवढंच झालं. एवढंच सांगता येतं.

तू का बसलीस?

वर्षभर हा प्रश्न मी तुला विचारते आहे. मला माहीत आहे तू काय म्हणशील. आणखी एकदा बोलली असतीस तर तात्या म्हणाले असते, "मग ऱ्हाऊ द्या जायचं." आणि पळसदेव पुन्हा पुढच्या महिन्यावर गेलं असतं. तू हिशेब केलास. एका बाजूला एक इंच, दुसऱ्या बाजूला दोन वर्षं. पण असा हिशेब करायची वेळ माणसावर यावी? माहेरी जायचं की जिवंत राहायचं, हा काय प्रश्न झाला!

तू गेल्यावर मी पुण्याला परत गेले. वर्गात काव्यशास्त्र चाललं होतं. उघड सांगितलं ते हलकं, सुचवलं ते श्रेष्ठ. न बोलता जे पोचतं ते उत्तम काव्य. प्राध्यापक फार सुंदर शिकवतात. मी वही मिटली. मला उभं राहून विचारायचं होतं, सुचवलेलं समोरच्यानं ऐकायचंच नाही असं ठरवलं तर? तेव्हा ते कोणत्या प्रतीचं काव्य? विचारलं नाही. पण त्या दिवसापासून मला सूचक लिहिणाऱ्यांचा कंटाळा आहे.

आणि मी तुझ्यावरही चिडले होते, हे आज लपवत नाही. इतकं नेमकं माप कळणारी बाई, आणि ते सांगितलं कुणाला? लाकडाला! मी मनात तुला खूप बोलले. मतदानाला उघडलेलं तोंड त्या दिवशी कुठे होतं, असंही म्हणाले.

आता आजची सकाळ ऐक.

तात्या सुतळी घेऊन पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले. मागच्या टायरच्या मापासाठी बाहेरून घेर घेत होते. दादा विटा नीट लावत होता. मी ओसरीवर होते.

"तात्या, बाहेरून मोजू नका," मी म्हणाले. "वहिनीनं सांगितलं होतं."

त्यांनी वर पाहिलं नाही. "मला कुणी सांगितलं न्हाय."

"दाराला सांगितलं. तुम्ही ऐकलं. उलट उत्तरही दिलंत."

"तू हुतीस व्हय हितं? पुण्यात बसून ऐकू आलं तुला?" त्यांचा आवाज चढला. "चार बुकं शिकली म्हून बापाला खोटं पाडाया निघाली!"

मी नव्हते, हे खरंच होतं. मी दादाकडे वळले. "दादा, तू होतास."

दादानं वीट खाली ठेवली. "शाले, लगीन तोंडावर हाय. आता उकरून काय घावणार हाय?"

तेवढ्यात आई बाहेर आली. हात पिठाचे. आई ओसरीवरच्या बोलण्यात पडत नाही, तुला माहीत आहे. ती पायऱ्या उतरून थेट गाडीपाशी गेली.

"मी हुते," ती म्हणाली. "तिनं सांगितलं. येकदा न्हाय, दोनदा. तुमी ऐकलं. एवढंच बोलायचं हुतं, त्याला वरीस लागलं मला."

 तात्या सुतळी बोटाभोवती गुंडाळत राहिले. बोटाचं टोक पांढरं पडलं. मग ते उठले आणि दाराकडे तोंड करून उभे राहिले. दारात कुणी नव्हतं.

"म्हणावं," ते म्हणाले, "मग आत किती पायजे?"

वहिनी, मला उत्तर माहीत होतं. मी दिलं नाही. तात्यांनी ती रिकामी चौकट थोडी बघावी, असं मला वाटलं. दया आली का? नाही आली. विचारायला उशीर केलेल्या माणसाला उत्तरासाठी थांबावं लागतं.

पण उत्तर आलं.

"ईस," दादा म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो विटांकडे बघत होता.

"तुला कसं ठाऊक?"

"तिनं सांगितलं हुतं."

"दाराला सांगितलं ते ऐकलंस?"

"न्हाय. मला सांगितलं. टायर चढवला त्याच सांच्याला. बांगड्या घिऊन दावलं. म्हणाली, तुमी तात्यास्नी सांगा." त्यानं एक वीट उचलून पुन्हा ठेवली. "म्या म्हणलं, तात्याला कोण सांगणार!"

कोण सांगणार! त्यांचा मुलगा! रोज त्यांच्याशेजारी जेवायला बसणारा, ज्याला ना पदर होता ना उंबरा! ज्याला फक्त तोंड उघडायचं होतं!

मी काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. शेजारच्या वस्तीवर ऐकू गेलं असेल. दादा रडला. त्याचं रडणं मी वर्षभर, घरी आले की पाहिलं होतं. आज पहिल्यांदा कळलं की ते कशाचं होतं. आई त्याच्याजवळ गेली नाही. तात्या खाटेवर बसले. म्हणाले, "तिनं सांगितलं हुतं." कुणाकडे बघून म्हणाले, ते मला कळलं नाही. पण "म्हणावं" नव्हतं त्यात.

माझा राग एवढ्यानं गेला असं समजू नकोस. एक वाक्य म्हणायला त्यांना एक माणूस आणि एक वर्ष लागलं. ते वाक्य मी क्षमा म्हणून घेतलेलं नाही. साक्ष म्हणून घेतलं आहे.

पण तुझ्यावरचा राग मी मागे घेते. तू दाराला दोनदा सांगितलंस, आणि दारावर थांबली नाहीस. ज्याच्याशी बोलता येत होतं, त्याला समोर बसवून, बांगड्या दाखवून, स्पष्ट सांगितलंस.  आणखी काय करायला हवं होतंस? या घरात गप्प बसणारी तू नव्हतीस. उगाच तुझं नाव झालं!

पळसदेवला मी मध्यंतरी जाऊन आले. तुझी बहीण मला देवळाच्या पायरीवर घेऊन गेली. आम्ही दोघी फार बोललो नाही. नदीला पाणी कमी होतं. पोटभर बोलायचं ते तुझं राहिलं, आणि ते आम्हा दोघींना भरून काढता आलं नाही. गोणपाटानं भरून निघतील अशा जागा कमी असतात.

आता ऐक, मी काय करणार आहे.

परवा बारामतीला दादाबरोबर मी जाणार. पाच आणि वीस लिहिलेला टायर आणणार. तो चढवताना पहार लागली पाहिजे, घाम निघाला पाहिजे. हातानं बसला, तर वऱ्हाड खोळंबो, मुहूर्त टळो, मी गाडीसमोर उभी राहीन आणि हलणार नाही.

आणि पुढच्या आठवड्यात ती मुलगी उंबरा ओलांडून आत येईल. तिच्यावर माझा राग नाही. तिनं तुझं काय घेतलं? तिला मी दोन बांगड्या दाखवीन, एक लाखेची, एक काचेची. मग सांगीन की या घरात काही कळलं तर दाराला सांगायचं नाही, नवऱ्यावर सोपवायचं नाही आणि माझ्याकडेही द्यायचं नाही. "वन्सं, म्हणावं" म्हणत आली, तर तो निरोप मी नेणार नाही. तिचा हात धरीन, तिला ओसरीवर आणीन आणि तात्यांसमोर उभी करीन. ती घाबरेल. तात्या रागावतील. मी तिथून जाणार नाही, तिचं बोलून होईपर्यंत.

हे वचन तुला, वहिनी. समोरासमोर दिलं असतं तर बरं झालं असतं.

तुझी वन्सं,
शालन